अनास्थेचा शेरा

नंदुरबार जिल्ह्यात, आणि विशेषेकरून त्यातील अक्राणी व अक्कलकुवा या डोंगरी तालुक्यांत, आंतरजालावरून दिले जाणारे शिक्षण रुजले नाही, ही गोष्ट आता बहुतेकांना मान्य झाली आहे. वाद उरला आहे तो तिच्या कारणाविषयी. सरकारी अहवालांत, परिसंवादांतील निबंधांत आणि शिक्षणविषयक व्याख्यानांत या कारणांची जी ठरीव मांडणी होते, तिचे दोन भाग असतात. पहिल्यात मनोरे, रेंज, वीज आणि मोबाइल संच यांच्या तुटवड्याचा तपशील येतो, आणि तो पुष्कळसा खराही असतो. दुसऱ्याला ‘सामाजिक व सांस्कृतिक घटक’ असे भारदस्त शीर्षक मिळते, आणि त्याखाली पालकांची अनास्था, स्थलांतराची सवय, सण-बाजारांचा नाद, मुलींच्या शिक्षणाविषयीची बेफिकिरी, मराठीचा कच्चेपणा अशी कलमे एखाद्या आरोपपत्रातल्याप्रमाणे ओळीने मांडलेली असतात. पहिला भाग सरकारला खर्चात पाडणारा असल्यामुळे त्याची चर्चा थोडक्यात आटोपते. दुसरा भाग कोणालाच काही खर्चात पाडत नाही, म्हणून तो मात्र ऐसपैस लिहिला जातो.

या दुसऱ्या भागाचा मला येथे प्रतिवाद करावयाचा आहे. शिक्षणावर समाजाचा व संस्कृतीचा परिणाम होतो हे कोणीही नाकारणार नाही. परंतु प्रत्येक पाठालाही स्वतःची एक संस्कृती असते. तो पाठ ज्याने रचला त्याचे घर, त्याची भाषा, त्याचा दिवसाचा क्रम आणि त्याच्या घरातील माणसांचे परस्परांशी असलेले नाते त्या पाठात न सांगता उतरलेले असते. सातपुड्यातील मुलाच्या वाट्याला आलेला ऑनलाइन पाठ हा पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात बसून, तशाच घरातील मुलासाठी कल्पिलेला पाठ होता, आणि तो अडला याचे मुख्य कारण त्या कल्पनेत आहे. ज्याच्या घरात तो अडला त्याच्या नावावर दोष नोंदवून मोकळे होणे सोयीचे असेल, न्यायाचे नाही.

अनास्थेच्या आरोपाची परीक्षा घेण्यासाठी फार लांब जावयास नको. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, टेंभली या गावी, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. संगणक, ठसे घेणारी यंत्रे, बुबुळांचे छायाचित्र टिपणारे कॅमेरे असा सगळा सरंजाम गावात आला आणि गावाने बोटे पुढे केली, डोळे उघडे ठेवले. त्यानंतर याच जिल्ह्यातील माणसांनी रेशनसाठी अंगठा दिला, निराधारांच्या अनुदानासाठी दिला, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी बँकेत दिला. आणि काबाडकष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा उमटेना किंवा दुकानातील यंत्राला रेंज मिळेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी तीच पायपीट पुन्हा केली. ज्या समाजाने सरकारच्या यंत्रापुढे इतका धीर दाखविला, तो नव्या साधनाला बुजणारा आहे असे कोणत्या पुराव्यावरून म्हणावयाचे? फरक इतकाच की, आधारच्या वेळी सरकारला या माणसांची नोंद हवी होती, तेव्हा यंत्र आणि यंत्र चालविणारा माणूस दोन्ही गावात आले. शिक्षणाच्या वेळी यंत्र पालकाने आणावयाचे होते, ते चालवावयाचेही पालकाने होते, आणि न जमल्यास शेराही त्याच्याच नावावर पडावयाचा होता.

ज्या मुलखाविषयी आपण बोलत आहो तो थोडा नीट पाहिला पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लाख वस्तीचा होता. त्यांतील ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे, आणि साक्षरतेचे प्रमाण ६४.४ टक्के, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत कमी. पण जिल्हा एकजिनसी नाही. तापीकाठच्या सपाटीवर शहाद्याची केळी-पपई आणि नंदुरबारची मिरची. तेथून उत्तरेस चढत गेले की सातपुडा, आणि त्याच्या पलीकडच्या उतारावर, नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराने बुडविलेली महाराष्ट्राची ३३ गावे. डोंगरातील पावरा-भिल्लांचे गाव हे देशावरच्या गावासारखे एका पांढरीत दाटीने वसलेले नसते. ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात, एकेका टेकाडावर. पाड्यापाड्यांमध्ये नाले आणि चढउतार. त्यामुळे ‘गल्लीत एकाकडे टीव्ही असला म्हणजे शेजारची दहा मुले जमतील’ हा जो हिशेब २०२० साली शाळा बंद झाल्यावर अनेकांनी मनात धरला होता, तो येथे पहिल्याच पायरीवर चुकतो, कारण येथे गल्लीच नाही. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ ही मालिका तिच्या कर्त्यांनी कळकळीने रचली होती आणि मुलाच्या अवतीभवतीच्या वस्तूंतून शिकविण्याचा तिचा प्रयत्न प्रशंसनीय होता, हे मी आनंदाने मान्य करतो. तथापि तिलाही एक टीव्ही, एक वीज आणि एक निवांत वेळ गृहीत धरणे भाग होते.

आता मनोऱ्यांचा पक्ष. या पक्षाचे म्हणणे असे की, संस्कृतीची चर्चा हवीच कशाला, रेंज आली म्हणजे सर्व काही आपोआप मार्गी लागेल. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, भारताच्या ग्रामीण भागातील १४.९ टक्के कुटुंबांत आंतरजालाची सोय होती आणि संगणक ४.४ टक्के कुटुंबांत. त्यानंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२० च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेंज न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी ४जी सेवेची योजना मंजूर केली. या साऱ्याचे स्वागतच आहे. मनोरा नको असे म्हणणारा माणूस एक तर शहरात राहत असला पाहिजे, नाही तर त्याला रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी रुग्णवाहिका बोलावण्याची वेळ कधी आलेली नसली पाहिजे. पण मनोऱ्याने शिक्षण येते हा निष्कर्ष कोठून निघतो? नंदुरबार शहरालगतच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर रेंजची तक्रार नाही. तेथे उन्हात पसरलेल्या लाल मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांच्या मुलांना मनोरा उघड्या डोळ्यांनी दिसतो. त्या मुलांचा ऑनलाइन वर्ग सुरळीत चालला असता, तर मनोऱ्याचा पक्ष सिद्ध झाला असता. तसे झाले नाही, आणि म्हणूनच वाद दुसऱ्या भागावर येऊन ठेपतो.

‘घरात मोबाइल आहे’ या तीन शब्दांवर पाहणीवाल्यांचा रकाना भरतो. पण घरात मोबाइल असतो म्हणजे काय असते? अक्राणीतील घरापुरते बोलायचे, तर तो मोबाइल बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाचा किंवा थोरल्या मुलाचा असतो, गुजरातेतील ऊसतोडीच्या किंवा बांधकामाच्या मजुरीतून घेतलेला, काचेला एका कोपऱ्यातून तडा गेलेला. तो त्याच्या खिशात असतो आणि खिसा शेतावर, बाजारात किंवा कामावर असतो. रिचार्ज असतो तेव्हा पैसे नसतात असे नाही; पण पैसे असतात तेव्हाच रिचार्ज असतो, आणि पैसे काम असते तेव्हा असतात. गुरुजींनी सकाळी गटावर टाकलेला पाठ बाप दुपारी धारेवर, म्हणजे रेंज मिळते त्या टेकाडाच्या माथ्यावर, चढतो तेव्हा त्याच्या संचावर उतरतो. तेथे तो उघडला न उघडला तोच मुकादमाचा फोन येतो. संध्याकाळी संच घरी येतो तेव्हा त्यात बॅटरी उरलेली असते ती एका जणाला पुरेल इतकी, आणि घरात मुले असतात तीन. दुसरीतला, पाचवीतली आणि आठवीतला. कोणाचा पाठ प्रथम? बहुतेक घरांत आठवीतल्याचा, कारण तो मोठा आणि त्याला संच हाताळता येतो. दुसरीतला त्याच्या खांद्यावरून बघतो आणि झोपी जातो. इकडे गुरुजींच्या संचावर निळ्या रंगाच्या दोन खुणा उमटलेल्या असतात. त्या खुणांची बेरीज केंद्रप्रमुखाकडे जाते, केंद्राची गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, गटाची जिल्ह्याच्या कचेरीत. आणि एका माणसाने डोंगरमाथ्यावर चुकून उघडलेल्या चित्रफितीची नोंद कागदोपत्री एका विद्यार्थ्याची उपस्थिती म्हणून होते. पुढे परीक्षेत तो विद्यार्थी कोरा निघाला, की मग पालकांच्या अनास्थेचा शोध लागतो.

यात अनास्था कोठे आहे? संच एका माणसाच्या मालकीचा, मूल एकटे, जागा स्वतंत्र, शेजारी साक्षर आई, आणि रोज ठराविक तास मोकळा, अशा कुटुंबाचे जे चित्र पाठ रचणाऱ्याच्या मनात होते, त्यातील एकही रेघ येथे जुळत नाही. ‘आईबाबांच्या मदतीने कृती पूर्ण करा’ या सूचनेतील आई अक्षरओळख नसलेली असेल ही शक्यता ज्याला सुचली नाही, त्याची कल्पनाशक्ती तोकडी होती. त्या आईची आस्था तोकडी नव्हती. शहरातही हा पाठ चालला तो मुलाच्या कोपरापाशी आई बसली म्हणून. तिने केलेली शिक्षिकेची नोकरी कोणत्याही हिशेबात धरली गेली नाही, आणि म्हणूनच यंत्राने शिकविले असा भास झाला.

मुलींच्या बाबतीत आरोपकर्त्यांचा पक्ष काहीसा बळकट आहे, आणि तो मी झाकून ठेवणार नाही. संच घरात असूनही तो मुलीच्या हाती शेवटी येतो, पाणी, चूल आणि धाकटे भावंड यांतून ती मोकळी होईतो तो बंद पडलेला असतो, आणि वयात आलेल्या मुलीच्या हातातील मोबाइलकडे घर संशयाने पाहते. हे सर्व खरे आहे, आणि ते बदलले पाहिजे. पण हे पावरा किंवा भिल्ल संस्कृतीचे खास लक्षण आहे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत साऱ्या महाराष्ट्रात आंतरजाल कधी तरी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ६१.५ टक्के होते आणि स्त्रियांचे ३८ टक्के. हा जो साडेतेवीस टक्क्यांचा खड्डा आहे, तो सदाशिव पेठेपासून सोलापूरच्या मळ्यापर्यंत आपण सर्वांनी मिळून खणलेला आहे. त्याचा दाखला अक्राणीतल्या एकट्या धडगावच्या माथी मारणे शोभत नाही. शाळेच्या इमारतीत निदान एवढे होते की, बाक मुलीचा म्हणून ठरलेला असे आणि तो ओढून घेण्यास भाऊ तेथे नसे.

भाषेचे कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत उथळपणे लिहिले जाते. ‘मुलांची मराठी कच्ची’ असे म्हटले, की जणू ती मुले आपली मातृभाषा विसरली आहेत. वस्तुतः डोंगरातील मूल पावरी, भिलोरी, वसावी, मावची यांपैकी एक भाषा उत्तम बोलत शाळेत येते. मराठी त्याला पहिलीत प्रथमच भेटते. तरीही जुन्या शाळेत काम चालत असे, आणि ते कसे चालत असे हे ज्यांनी दोन शिक्षकी शाळा डोळ्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. पहिली ते चौथीची मुले एका-दोन खोल्यांत मिळून बसलेली असतात. गुरुजी बहुधा धुळ्या-जळगावकडचे, घरी अहिराणी बोलणारे, पावरी जेमतेम समजणारे. त्यांनी पहिलीतल्या पोराला काही सांगितले की ते पोर गुरुजींकडे न पाहता चौथीतल्या बहिणीकडे पाहते. ती अर्ध्या वाक्यात त्याला ते आपल्या बोलीत सांगून टाकते. पोर उठून फळ्याकडे जाते. सरकारने या दुभाषिणीची नेमणूक केलेली नव्हती, तिला कसला भत्ता नव्हता, कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. सातपुड्यातील प्राथमिक शिक्षणाचा निम्मा डोलारा तिच्यावर उभा होता.

ऑनलाइन पाठाने सर्वप्रथम हिला काढून टाकले. ‘दीक्षा’ हे सरकारी ॲप उघडले की ते तीन गोष्टी विचारते: मंडळ, माध्यम आणि इयत्ता. इयत्ता विचारल्याबरोबर चौथीतली बहीण पहिलीतल्या भावापासून वेगळी होते. माध्यम विचारल्याबरोबर दोघेही आपल्या भाषेपासून वेगळी होतात, कारण माध्यमांच्या यादीत ती भाषा नाही. बालभारती मराठीखेरीज गुजराती, कन्नड, तेलुगू, उर्दू, सिंधी अशा माध्यमांतून पाठ्यपुस्तके काढते, आणि ते योग्यच आहे. आदिवासी बोलींतूनही काही पूरक पुस्तिका निघाल्या, त्याही चांगल्या आहेत. पण पूरक म्हणजे पूरक. संविधानाचे ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकविण्याची सोय करण्यास राज्याला सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील २९ वे कलम व्यवहार्य असेल तितपत मातृभाषेतून शिक्षण द्या असे म्हणते. ‘व्यवहार्य असेल तितपत’ या तीन शब्दांच्या आडोशाला आजवर किती कामचुकारपणा सुखाने नांदला आहे, याचा शोध एखाद्या संशोधकाने अवश्य घ्यावा. चित्रफितीतील शिक्षिका गोड बोलते, चित्रे सुरेख असतात. पण समोरच्या पोराचे डोळे कोठे वळले हे तिला दिसत नाही, आणि ज्या बहिणीकडे ते वळावेत ती दुसऱ्या इयत्तेत बंद आहे.

स्थलांतराच्या बाबतीत तर आरोपकर्त्यांनी आपल्या हातातील सर्वांत चांगला मुद्दा वाया घालविला आहे. दिवाळी झाली की नंदुरबारच्या पाड्यांवरील घरे बंद होऊ लागतात. उचल घेतलेली जोडपी दक्षिण गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात, कोणी सौराष्ट्रात शेतमजुरीला. परत येतात ती होळीच्या सुमारास, भोंगऱ्या बाजार आणि काठीची होळी गाठण्यासाठी, किंवा त्याहूनही उशिरा. मग मोहफुले, मग कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करण्याचे दिवस. या चक्राला ‘सवय’ म्हणणाऱ्या गृहस्थांनी खडकाळ उतारावरील दोन एकरांवर बारा महिने जगून दाखवावे. सवय कोणाला कशी लागते ते मग बोलू. परंतु आंतरजालाची सर्वांत मोठी थोरवी अशी सांगतात की, ते जागेचे बंधन तोडते, मूल जाईल तेथे शाळा जाते. तसे असेल, तर बारडोलीच्या फडाशेजारच्या कोपीत आईवडील कोयता घेऊन पहाटे गेल्यावर धाकट्याला सांभाळीत बसलेले जे मूल आहे, त्याच्याइतका या साधनाचा हक्काचा विद्यार्थी दुसरा कोण? तेथील गावची शाळा गुजराती. त्याची स्वतःची शाळा दूर डोंगरात. हातात शिक्षण हमी कार्ड असलेच तर तेही नुसता कागद. ज्या एका ठिकाणी हे शिक्षण खरोखर अपरिहार्य होते, त्या ठिकाणासाठी वेळ, भाषा आणि क्रम बेतलेला पाठच रचला गेला नाही. सकाळी अकराचा वर्ग तेथेही सकाळी अकरालाच.

एक तात्त्विक पक्षही येथे विचारात घेतला पाहिजे. मुलांना यंत्र द्या आणि बाजूला व्हा, ती आपली आपण शिकतात, हा सिद्धांत सुगत मित्र यांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजी येथे भिंतीत संगणक बसवून मांडला. पुढे त्यांना मिळालेल्या पारितोषिकातून जी केंद्रे उभी राहिली त्यांतील एक आपल्याकडे फलटणला, कमला निंबकर बालभवनात होते. त्याच विचाराच्या दुसऱ्या शाखेने प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची मोहीम काढली आणि २००७ साली तिचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट येथे झाला. पेरू देशाने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या गणितात वा भाषेत त्याने काही लक्षणीय फरक पडल्याचे आढळले नाही. एवढ्यावरून मित्रांचा प्रयोग निरर्थक होता असे मी म्हणत नाही. उलट त्या भिंतीपाशी जे घडले ते त्यांच्या अनुयायांनी नीट पाहिले नाही, अशी माझी तक्रार आहे. तेथे एका पडद्याभोवती मुलांचा घोळका होता. एक कळ दाबीत होता, चार जण ओरडून सांगत होते, लहान मोठ्याकडून उचलीत होते. म्हणजे सातपुड्यातील त्या मिश्र वर्गाचीच ती आवृत्ती होती. २०२० साली आपण घोळका वगळला आणि पडदा तेवढा घरोघरी धाडला, तोही ज्याचा त्याने विकत घ्यावयाचा.

दुसऱ्या टोकाला असलेल्या मंडळींविषयी थोडक्यात सांगतो. आदिवासींची संस्कृती मौखिक आणि निसर्गनिष्ठ असल्यामुळे त्यांना मोबाइलपासून दूरच ठेवावे, असे मानणारा एक भाविक वर्ग शहरांत आहे. नवापूर-अक्कलकुव्याकडचे तरुण रोडालीची गाणी स्वतः बांधतात, ध्वनिमुद्रित करतात, यूट्यूबवर चढवितात, आणि ती सीमेच्या अलीकडे-पलीकडे लग्नांतून वाजतात. शहादा परिसरातील वाहरू सोनवणे यांनी भिलीतून कविता लिहिली आणि ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह मराठी वाचकापर्यंत पोहोचला, त्यालाही आता काही दशके झाली. ज्या माणसांनी नव्या साधनांत आपली भाषा कोणाची परवानगी न घेता नेऊन बसविली, त्यांना त्या साधनांपासून वाचविण्याची काळजी इतरांनी वाहू नये.

पर्याय काय, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. नर्मदाकाठच्या बुडित गावांत नव्वदीच्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाव आंदोलनाने ज्या जीवनशाळा काढल्या, त्यांत त्याच खोऱ्यातील तरुण शिक्षक होते आणि सुरुवात मुलांच्या बोलीतून होत असे. त्या आंदोलनाच्या धोरणाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. पण जेथे सरकारी शाळा पुष्कळदा हजेरीपटावरच भरत होती, तेथे याच ‘उदासीन’ पालकांनी आपली मुले या शाळांत धाडली. केरळात वायनाड जिल्ह्यामध्ये २०१७ साली आदिवासी समाजातीलच शिक्षित तरुणांना त्यांच्या भाषेच्या मुलांसाठी शाळेत मार्गदर्शक म्हणून नेमण्याची योजना निघाली, आणि वस्त्यांवर सामूहिक अभ्यासखोल्या उघडल्या होत्या. १ जून २०२० रोजी तेथे दूरचित्रवाणीवरून वर्ग सुरू झाले तेव्हा अडचणी तेथेही आल्या, मुले तेथेही मागे पडली; परंतु पडदा लावावयास एक सामाईक जागा आणि पडद्यातले बोलणे मुलाच्या बोलीत उलगडणारा एक माणूस ही व्यवस्था निदान अस्तित्वात होती. आपल्याकडे ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० मध्ये बंद झाले ते १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. या वीस महिन्यांत नंदुरबारच्या ज्या मुलांचे शिकणे तग धरून राहिले, ते पाड्यापाड्यांवर चालत गेलेल्या आणि ओट्यावर, झाडाखाली पाच-सहा मुले जमवून शिकविणाऱ्या शिक्षकांमुळे. असे शिक्षक होते, थोडे नव्हते, आणि त्यांचा मोबाइल त्यांच्या पिशवीत होता. तो मुलांच्या घोळक्यात मध्ये ठेवला की त्याचा उपयोगही होई.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. एवढ्या बोली, एवढी थोडी मुले, प्रत्येकीसाठी वेगळे पाठ कोठून करावयाचे, आणि अखेर मराठी शिकल्याविना त्यांना गत्यंतर आहे काय, असे विचारले जाते. मराठी त्यांनी शिकलीच पाहिजे, आणि ती ज्या भाषेत विचार करतात तिच्यावरून चालत आली तर लवकर शिकतील. राहिला मुलांच्या थोडेपणाचा मुद्दा. २०११ च्या जनगणनेत भिली व तिच्या पोटी मोजलेल्या बोली मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर होती. आठव्या अनुसूचीत मानाने बसलेल्या संथाली आणि काश्मिरी या दोन्ही भाषांच्या भाषकांहून ती मोठी आहे, फक्त चार राज्यांत विभागलेली असल्यामुळे कोणत्याच राजधानीतून ती एकत्र दिसत नाही. धडगावची पावरी नर्मदेपलीकडे बडवानीच्या बारेल्यांना समजते. नवापूरची मावची गुजरातेच्या तापी जिल्ह्यात चालते. छापील पुस्तकाच्या काळात राज्याची हद्द ही खरोखरच अडचण होती, कारण छपाई, गुदाम आणि वाटप सारे राज्याचे. आंतरजालाला त्यांपैकी काहीच लागत नाही. एका चांगल्या पावरी पाठाचा खर्च दोन राज्यांनी वाटून घेतला तर तो एका उद्घाटन समारंभाच्या मांडवाइतकाही होणार नाही. तो पाठ सांगू शकणारे डी.एड. झालेले पावरा, तडवी आणि मावची तरुण-तरुणी याच जिल्ह्यात भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत आहेत. रोडालीचे ध्वनिमुद्रण करणारी पोरेही येथेच आहेत, आणि त्यांच्याजवळ मायक्रोफोन आहे.